लेडीज रूममधली भरलेली मडकी

आमच्या कॉलेजात अख्ख्या धारवाडातलं सगळ्यात स्वच्छ पाणी होतं, आणि आम्ही मुली त्यातला थेंबसुद्धा पीत नव्हतो. हे मी नातीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजी, तुम्ही वेड्या होता का ग?" वेड्या नव्हतो बाई. शहाण्या होतो, तेच तर वाईट झालं.

स्वातंत्र्याच्या आधीच्या दहाबारा वर्षांतली ही गोष्ट. कॉलेज गावाबाहेर टेकडीवर. मुलं पुष्कळ, मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. काही आम्ही मराठी घरांतल्या, काही कानडी, एखाददुसरी ख्रिस्ती. आम्हाला आपल्या पायांनी वर्गात जाऊन बसायची मुभा नव्हती. आमच्यासाठी एक वेगळी खोली होती, तिच्यावर 'लेडीज रूम' अशी पाटी. तासाची घंटा झाली की प्रोफेसर दाराशी येऊन खाकरायचे. मग आम्ही पदर सावरत त्यांच्या मागून वर्गात, पहिल्या बाकावर. तास संपला की पुन्हा त्यांच्याच मागून परत खोलीत. मेंढरं बरी, ती निदान वाटेत चरतात तरी.

एवढा सगळा बंदोबस्त होता, फक्त मुलींसाठी संडास नव्हता. मुलांसाठी होते, वसतिगृहाच्या मागच्या अंगाला. कॉलेज बांधलं तेव्हा इथं मुली येतील असं कुणाच्या स्वप्नातही नसावं. पुढं मुली आल्या, त्यांच्यासाठी पाटी आली, पडदा आला, पण ही गोष्ट कुणाला सुचली नाही. आणि आम्ही कसली सुचवतोय! तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचो.

माझ्यापुढं एक वर्ष शिकणारी एक मुलगी होती, कलघटगीची. मामाकडे राहून शिकायची. घरची भाषा कानडी, पण माझ्याशी मराठीत बोलायची आणि रागावली की कानडीत घसरायची. पहिल्याच दिवशी तिनं मला खिडकीशी नेऊन नियम सांगितले. सकाळी चहा घ्यायचा नाही. जेवताना ताक नको. आमटी घ्यायची ती भातात कालवून, वाटी तोंडाला लावायची नाही. पाण्याचा घोट घ्यायचा तो घास अडकला तरच.

"आणि दुपारी तहान लागली तर ग?" मी विचारलं.

"लागत नाही," ती म्हणाली. "थोडे दिवस जाऊ दे. तहानच मरती."

खरंच मरते. पण माणूसही थोडं थोडं मरतं, ते कळायला वेळ लागतो. धारवाडचा श्रावण ज्यानं काढलाय त्यालाच माझं दुःख समजेल. तिथला पाऊस कोसळून मोकळा होत नाही, दिवसच्या दिवस नुसता झिरपत राहतो. बाहेर पन्हळीतून अखंड धार, आत प्रोफेसर समुद्राचं वर्णन वाचताहेत, आणि आम्ही पहिल्या बाकावर पाय आवळून, ओठ दाबून ताठ बसलोय. मागच्या बाकांवरची मुलं म्हणायची, काय या मुलींचं लक्ष असतं! संध्याकाळी टांगा आमच्या दाराशी थांबायच्या आत मी उडी टाकायची आणि पुस्तकं पडवीत भिरकावून थेट परसात पळायची. आई मागून ओरडायची, "अग, चप्पल तरी काढ! कोण मागं लागलंय तुझ्या?"

पहिल्या वर्षी श्रावण संपता संपता मला ताप भरला. थंडी, ओटीपोटात कळा, लघवीला अशी आग की डोळ्यांतून पाणी यावं. आता म्हातारपणी हे शब्द मी सरळ उच्चारते, तेव्हा जीव गेला असता तरी उच्चारले नसते. डॉक्टर आले. अप्पा, म्हणजे माझे वडील, त्यांच्या शेजारीच उभे. धारवाडच्या कोर्टात वकिली करायचे, उलटतपासणीची सवय डोळ्यांतसुद्धा. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी पितेस ना भरपूर?" मी मान हलवली. दुसरं काय करणार? औषध आलं, आईनं धन्याचं पाणी दिलं, सब्जा दिला, उष्णता झालीय म्हणून पायांना तूप चोळलं. घरी पडून होते तेवढे दिवस पोटभर पाणी प्यायले, म्हणून बरी झाले. श्रेय मिळालं तुपाला.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर पुन्हा तोच प्रकार, आणि पहिल्यापेक्षा जास्त. या वेळी अप्पा माझ्या खाटेशी येऊन बसले. रागावले असते तर मी भांडले असते. पण ते हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, शिकू नको असं मी कधी म्हटलं नाही. तुझ्या आत्याशी भांडून तुला कॉलेजात घातलं. पण आणखी एकदा अशी आजारी पडलीस तर कॉलेज पुरे. मुलगी गमावून मला बी.ए. नको."

आणि ते तसंच करणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. अप्पांचा शब्द म्हणजे शब्द. शिवाय हुबळीचं एक स्थळ आत्यानं हेरून ठेवलेलंच होतं. मुलगा रेल्वेत, माणसं चांगली, नाव ठेवायला जागा नाही. तेच तर भय. मला बी.ए. व्हायचं होतं, मुलींच्या शाळेत शिकवायचं होतं, स्वतःच्या पगाराची पुस्तकं घ्यायची होती. आणि हे सगळं अडलं होतं कुठं, तर ते सांगायची चोरी.

तिकडे कॉलेजात याच सुमाराला कलघटगीची माझी मैत्रीण भर वर्गात चक्कर येऊन पडली. तर्कशास्त्राचा तास होता. धावपळ झाली, कुणी पंखा आणला, कुणी कांदा. प्रिन्सिपॉलसाहेब स्वतः आले. ते रसायनशास्त्राचे, मोठे मायाळू गृहस्थ, आणि एखाद्या गोष्टीचं कारण शोधायचं म्हटलं की हातातला चहा गार करणारे. त्यांनी तिच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं आणि निदान करून टाकलं, की मुलींना प्यायला पाणी मिळत नाही.

निदान अर्धं बरोबर होतं, म्हणून जास्त घातक. दोन दिवसांत लेडीज रूममध्ये एक लाकडी घडवंची आली आणि तिच्यावर एकावर एक तीन मडकी. वरच्यात कोळसा, मधल्यात धुतलेली वाळू, दोघांच्या बुडाला बारीक भोकं, आणि खालच्यात ठिपकत येणारं निव्वळ स्वच्छ पाणी. तेही आधी उकळलेलं. टेकडीवर पाणी बैलगाडीच्या पिंपातून यायचं, त्यात कधी पानं, कधी किडे, आणि गावात तर पटकीची भीती कायमचीच. त्या काळात असलं पाणी कलेक्टरच्या बंगल्यावरही नसेल. प्रिन्सिपॉलसाहेबांनी स्वतः भांडं भरून उजेडात धरलं आणि म्हणाले, "पाहा, तळ दिसतो."

आम्ही पाहिलं. छान म्हटलं. आणि कुणीही प्यायलं नाही.

आता त्या भल्या माणसाचं काय झालं ते ऐका. ते रोज संध्याकाळी डोकावायचे आणि रोज खालचं मडकं काठोकाठ. आधी त्यांना वाटलं, पाण्याला मातीचा वास येत असेल. मडक्यात वाळा घातला. तरी भरलेलंच. मग त्यांनी विचार केला, आणि धारवाडातला शिकलेला माणूस जो विचार करील तोच केला. पाणी भरणारा गडी कोण, कुठल्या जातीचा, हे मुलींच्या मनात येत असणार! त्यांना स्वतःला असलं काही पटत नव्हतं, पण मुलींची घरं सनातनी, म्हणून त्यांनी मन मोठं केलं. पाणी भरायला एक भटजी नेमला. भटजी आला म्हणून लिंगायत मुलींना राग येईल, तर त्यांच्यासाठी वेगळी घडवंची. जैन मुलीसाठी गाळणं बांधलेली वेगळी. ख्रिस्ती मुलींना वाटायला नको की आपल्याला वगळलं, म्हणून त्यांची वेगळी. एक दिवस मी खोलीत शिरले तर बसायला जागा नाही. जिकडेतिकडे मडकी! सगळीकडून टप टप टप आवाज. मैत्रिणीनं कानांवर हात ठेवले आणि कानडीत असं काही म्हणाली की ते मी इथं लिहीत नाही.

आम्ही सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा सगळ्या मिळून साहेबांपुढं उभ्या राहिलो. बोलायचं मी, असं ठरलेलं. मी म्हटलं, "सर, इथं आमची जरा गैरसोय होते."

"कसली गैरसोय? मोकळेपणानं सांगा."

मोकळेपणानं! मी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागले. मागं वळून पाहिलं तर बाकीच्या छताकडे बघताहेत. इंग्रजीत आम्हाला पानंच्या पानं निबंध लिहिता यायचे, पण या एका गोष्टीसाठी कुठल्याच भाषेत तोंड उघडेना. साहेबांनी सगळं समजल्यासारखी मान हलवली. दुसऱ्या दिवशी खोलीत आरसा आला.

आरसा! त्यात मी माझं तोंड पाहिलं, ओठांवर पापुद्रे, डोळ्यांखाली काळं. असा राग आला मला. साहेबांचा नाही, माझाच, आणि आम्हा सगळ्यांना असलं वळण लावणाऱ्या जगाचा. त्या संध्याकाळी ओटीपोटात पुन्हा बारीक कळ उठली. हे तिसरं दुखणं. अप्पांना कळलं की संपलं. मी स्वयंपाकघरात गेले, आई भाकरी थापत होती, तिच्या पाठीशी बसून मी सगळं सांगून टाकलं. तोंड बघावं लागलं नाही म्हणून जमलं.

आईचा हात परातीत थांबला. "म्हणजे सकाळी जेवून जातेस ती दिवे लागेपर्यंत?"

"हो."

"आणि सगळ्याच मुली?"

"सगळ्याच."

तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नाही. मग एकदम वळून कडाडली, "अग, रानात भांगलणाऱ्या बायकासुद्धा बांधाआड जातात. तुमच्या एवढ्या मोठ्या कॉलेजाला एक बांध नाही? आणि तू मेली दीड वर्ष गप्प? मी इथं तुझ्या पायांना तूप चोळतेय!" रागानं तिचे डोळे भरले, मग माझे. मी म्हटलं, "अप्पांना सांगतेस का?" तर म्हणाली, "त्यांना काय सांगायचं? त्यांच्या कोर्टात तरी साक्षीला आलेल्या बाईची काय सोय असती? थांब जरा. बघते मी." आणि आधी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि तिच्यासमोर संपवायला लावला. त्या खेपेला ताप आला नाही.

इथं आईविषयी एक सांगायला हवं. ती मिरजेकडची, लग्न होऊन धारवाडात आली तेव्हा तिला कानडीचं अक्षर येत नव्हतं. ती भाषा ती शिकली मोलकरणीकडून, भाजीवालीकडून, सुईणीकडून. त्यामुळं तिच्या मराठीला सोवळं होतं, कानडीला नव्हतं. मराठीत ती "बाहेरची" म्हणायलासुद्धा आवाज खाली आणायची. कानडीत बाळंतपण, मूळव्याध, नवराबायकोचं भांडण, सगळं ठणठणीत बोलायची. मिरजेचे पाहुणे आले की तर सोपंच. त्यांच्यादेखत घरातलं सगळं गुपित कानडीत. पाहुण्यांना एक अक्षर कळायचं नाही, आणि आईला वाटायचं, कानडीत बोललेलं कुणालाच ऐकू जात नाही.

संक्रांतीला प्रिन्सिपॉलसाहेबांच्या बंगल्यावर हळदीकुंकू असायचं. मुलींना बोलावणं, त्यांच्या आयांनाही. साहेबांच्या बायकोला सगळं कॉलेज अक्का म्हणायचं. मोठ्या रुबाबदार, पण बोलायला गोड. पुण्यात शिकलेल्या, त्यामुळं आमच्याशी अगदी स्वच्छ मराठीत बोलायच्या. दिवाणखाना बायकांनी भरलेला, जाजमावर बसायला जागा नाही. वकिलांच्या बायका, मास्तरांच्या, मामलेदारांच्या सूनबाई. कुसुरेळाच्या, म्हणजे हलव्याच्या वाट्या फिरताहेत. आईनं अक्कांना हळदीकुंकू लावलं आणि म्हणाली, "जरा या खिडकीशी येता का? एक बोलायचं होतं."

मी जवळच होते. आईनं सुरुवात मराठीत केली. "मुलींची कॉलेजात जरा..." आणि अडकली. माझ्यासारखीच! मला वाटलं, झालं, आता इथंही आरसाच येणार. आईनं एक खोल श्वास घेतला. आणि पन्नास बायकांनी भरलेल्या धारवाडच्या त्या दिवाणखान्यात, नाजूक गोष्ट कुणाला कळू नये म्हणून, सवयीनं कानडीत शिरली.

"हुडग्यारिगे होगाक जागा इल्लरी!" मुलींना जायला जागा नाही हो. आणि कानडीत शिरली म्हटल्यावर लाज संपली, आवाज चढला. मुली पाणी पीत नाहीत ते का पीत नाहीत, दिवसभर कशा आवळून बसतात, माझ्या पोरीला काय काय झालं, कशी आग होते, सगळं. भाजीवालीशी बोलावं तसं, हातवारे करून.

वाट्या जागच्या जागी थांबल्या. मैत्रिणीनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर वळ होता. मला वाटलं, धरणीमाते, आत्ता पोटात घे.

अक्का शांतपणे सगळं ऐकून म्हणाल्या, मराठीतच, "अहो, आमच्या घरची भाषा कानडीच आहे की हो!"

आईच्या हातातली वाटी कलंडली. ती वळून बघते तर सगळ्या बायका तिच्याकडे बघताहेत. तिनं पदर तोंडावर घेतला. आणि तेवढ्यात कोपऱ्यातून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला, "हौद्री! खरं आहे की!" आणि त्या हसायला लागल्या. मग दुसरी हसली, तिसरी हसली, आणि बांध फुटला. बायका अशा बोलायला लागल्या की विचारू नका. कानडीत, मराठीत, जी जिभेवर येईल त्या भाषेत. कुणी नाटकाला गेली होती आणि मध्यंतरानंतर तिला नाटक दिसलंच नाही. कुणी लेकाच्या मुंजीत मांडवभर माणसं म्हणून सकाळपासून अडकली. एक मास्तरीणबाई होत्या, त्या म्हणाल्या, शाळेत मी सोळा वर्षं अशीच काढतेय, आणि रडायलाच लागल्या. माझी लाज कुठल्या कुठं गेली. मी नुसती बघत होते. इतक्या जणी, आणि प्रत्येकीला वाटत होतं आपण एकटीच.

अक्का उठून आत गेल्या. साहेब मागच्या खोलीत वाचत बसले होते. भिंतीपलीकडून अक्कांचं बोलणं पुसट ऐकू येत होतं. आणि मग साहेबांचा आवाज, अगदी पडलेला, "अरे देवा. मग ती मडकी?"

दिवाणखान्यात जो हशा पिकला तो आतपर्यंत गेला असणार. कारण साहेब त्या दिवशी बाहेर आलेच नाहीत.

पण माणूस खरा. उन्हाळ्याची सुट्टी संपून जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा काम झालेलं होतं. आणि काय झालेलं! मंगलोरी कौलं, चुन्यानं पांढऱ्याशुभ्र भिंती, आत दोन खोल्या, खोल खड्ड्यावर बसवलेली फरशी, बाहेर नळाची टाकी, दारांना आतून जाड लोखंडी कड्या. हायसं वाटलं बघून. मग मी जरा मागं सरून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

पिण्याच्या पाण्यापासून लांब हवं, वाऱ्याची दिशा बघायला हवी, जमीन उंचवट्याची हवी, असं सगळं शास्त्र बघून साहेबांनी जागा निवडली होती. ती निघाली खेळाच्या मैदानाच्या पार टोकाला. मध्ये झाड नाही, झुडूप नाही. जायला सरळसोट वाट, दोन्ही बाजूंना चुना लावलेल्या विटा. आणि वर पाटी. इंग्रजीत, कानडीत आणि मराठीत, लांबून वाचता यावी अशी. कॉलेजच्या कुठल्याही खिडकीतून बघा, समोर तेच. वाटेवर पाऊल ठेवलं की अख्ख्या कॉलेजाला कळणार, कोण कुठं निघालंय.

एकही मुलगी गेली नाही. तू जाऊन आलीस तर मी येईन, असं एकमेकींना म्हणत जून गेला. तहान मारायचे नियम पुन्हा सुरू झाले. साहेब आता काही विचारेनात, बिचारे नुसते त्या पांढऱ्या इमारतीकडे बघायचे. आणि पाऊस लागला तसं माझं ओटीपोट पुन्हा ठणकायला लागलं. संध्याकाळी अंग कोमट. अप्पा रात्री जेवताना म्हणाले, "तोंड का उतरलंय तुझं?" मी म्हटलं, "कुठं काय." त्यांनी ताटावरून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आईला म्हणाले, "उद्या डॉक्टरांना बोलावून घे."

ते हात धुवायला गेल्यावर आईनं मला धरलं. "आता काय? बांधलाय ना?"

"बांधलाय. पण सगळे बघतात."

आई ताटं उचलायला लागली. मला वाटलं, हिला पटलं. ही तरी काय करणार, लोकांसमोर कानडी तरी किती बोलणार.

सकाळी टांगा आला तर आई तयार. धुवट लुगडं, अंगावर शाल, हातात आमचा पितळेचा तांब्या, चिंचेनं घासून लखलखीत. "डॉक्टर दुपारी येणार आहेत. तेवढ्यात जाऊन येऊ. चल." वाटेत ती मांडीवरचा तांब्या धरून सरळ पुढं बघत होती. मला तर विचारायचंही भय वाटत होतं.

कॉलेजात पोचलो तेव्हा पावसाची उघडीप होती. मैदानात मुलं चिखलात फुटबॉल खेळत होती. व्हरांड्यात मुलं, खिडक्यांत मुलं. आई टांग्यातून उतरली, आणि तांब्या घेऊन त्या पांढऱ्या विटांच्या वाटेनं चालायला लागली. लपवाछपवी नाही, घाई नाही, तांब्या पदराखाली नाही. देवळात निघाल्यासारखी, मान वर करून. मी तिथंच थिजून उभी. माझी आई! जी वाड्याच्या पुढच्या दारातसुद्धा कधी उभी राहिली नाही, परपुरुष समोर आला तर भिंतीकडे तोंड करायची, ती भर दिवसा सगळ्या कॉलेजादेखत मैदान ओलांडत होती.

फुटबॉल थांबला. शिट्टी कुणी वाजवली नाही, तो आपोआपच थांबला. वरच्या वर्गात कुणीतरी शिकवत होतं, तो आवाजही बंद झाला. तिथल्या टाकीवर तांब्या भरून आई आत गेली. कडी लागल्याचा आवाज मला इतक्या लांबून ऐकू आला, इतकं शांत होतं सगळं. आणि तेव्हा मैदानातल्या मुलांनी एक गोष्ट केली, तिच्यासाठी मी त्यांना आजही दुवा देते. चेंडू हातात घेतलेल्या मुलानं पाठ फिरवली. मग बाकीच्यांनी फिरवली. सगळी मुलं गावाकडे तोंड करून उभी राहिली. प्रत्येकाच्या घरी आई होतीच की.

आई बाहेर आली. टाकीवर हातपाय धुतले, पदराला हात पुसले, आणि आली तशीच संथ चालत परत आली. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली. मराठीत! सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा असलं काही मराठीत. "कडी घट्ट बसते. पाणी भरपूर आहे. आत उजेड आहे. जा. काय बघतेस? मी गेले तर आभाळ कोसळलं का?"

मी तांब्या घेतला आणि गेले. आत कडी लावली आणि त्या पांढऱ्या भिंतींत एकटी उभी राहून मला हसूच फुटलं. हुश्श! दोन वर्षांचं हुश्श. बाहेर आले तर वाटेवर कलघटगीची माझी मैत्रीण, हातात लेडीज रूममधलं भांडं घेऊन, आणि तिच्या मागं बाकीच्या. पाठ फिरवून उभी असलेली मुलं तशीच उभी, त्यांचा खेळ त्या दिवशी बुडालाच.

आई आमच्याबरोबर लेडीज रूममध्ये आली. त्या सगळ्या घडवंच्या बघून तिनं डोळे मोठे केले. "हे काय, कुंभारवाडा आहे का?" मग तिनं कनवटीचा गूळ काढला, प्रत्येकीच्या हातावर खडा ठेवला आणि जे मडकं जवळ होतं त्यातून भांडं भरून देत गेली. कुणी विचारलं नाही की मडकं कुणाचं. लिंगायतांचं, भटांचं, ख्रिस्त्यांचं, सगळी मडकी ओळीनं रिकामी होत गेली. पाणी गार होतं, वाळ्याचा वास होता. आणि तळ दिसत होता, साहेब म्हणाले होते तसाच. दुसऱ्या दिवशी साहेबांनी रिकामी मडकी पाहिली आणि, शिपाई सांगत होता, खुर्चीवर बसून राहिले. मग एक घडवंची ठेवून बाकीच्या काढून टाकल्या.

परतताना टांग्यात आई माझ्याकडे झुकली आणि कानडीत कुजबुजली, मी कुठं जाऊन आले ते अप्पांना सांगू नको हं. टांगेवाला कानडी. तो पुढं बघत गालातल्या गालात हसला आणि म्हणाला, "इल्लरी, नाही सांगत." आईनं पुन्हा पदर तोंडावर घेतला.

दुपारी डॉक्टर आले. आईनं अप्पांना कोर्टात जाऊ दिलं होतं, त्यामुळं बोलायला सोपं गेलं. डॉक्टरांनी औषध दिलं, पाणी प्यायला सांगितलं, आणि या खेपेला मी खरंच प्याले. चार दिवसांत उतरलं सगळं. त्याच संध्याकाळी अप्पा घरी आले तर मी भांड्यामागून भांडं रिचवतेय. त्यांनी काळजीनं विचारलं, "ताप तर नाही ना हिला?"

"तहान लागलीय तिला," आई म्हणाली. "लागू दे."

बरी होऊन मी पुन्हा कॉलेजला निघाले त्या सकाळी आईनं न विचारता माझ्यापुढं चहाचा भरलेला पेला ठेवला. मी तो सगळा प्याले, आणि मग कॉलेजला गेले.